दहापर्यंत मोजणे

६ जानेवारी, सोमवार

दोन दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. विषय : वर्गात प्रश्न कसे विचारावेत आणि तंत्रज्ञान कसं वापरावं. सत्तावीस वर्षं भूगोल शिकवतोय, प्रश्न विचारण्यातच हयात गेली. म्हणजे माशाला पोहण्याचा क्लास लावला. प्रशिक्षक अगदीच कोवळा, कॉलरला माइक लावून खोलीभर फिरत होता. म्हणाला, शिक्षक प्रश्न विचारतात आणि सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मी लगेच उभं राहून सांगितलं की हे इतरांच्या बाबतीत खरं असेल. त्यानं मला मध्येच काहीतरी विचारलं, पण मी आधी माझा मुद्दा पूर्ण केला. सगळे खो खो हसले. माझ्या बोलण्यात एक नैसर्गिक विनोद असतो.

प्रशिक्षक म्हणाला, रोज चिंतन लिहा. 'चिंतन' हा शब्द आवडला, म्हणून ही वही.

संकल्प : प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबणे. रोज थोडं लिहिणे. आईचा चष्मा दुरुस्तीला टाकणे.

७ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

आई आमच्याकडे येऊन सहा आठवडे झाले. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पडताना चष्म्याची एक काडी मोडली. तिनं पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. लोकांना तिचा चेहरा माहीत नव्हता, आवाज मात्र सगळ्यांना माहीत. तो आवाज आता नाही. असो.

आज स्पीच थेरपीच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, आजींना सगळं कळतं, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा, मग मनात दहापर्यंत मोजा, तोवर अवाक्षर काढू नका. मी म्हटलं, बाई, दहा म्हणजे फार झाले, तेवढ्यात मी अख्खं वाळवंट शिकवून बाहेर पडतो. त्या हसल्या नाहीत. विनोदबुद्धी बेताची.

त्या गेल्यावर आईजवळ बसलो. विचारलं, चहा घेतेस? घेच. साखर कमी ना? कमीच बरी. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिला उजेड आवडतो.

ही दारातून बघत होती. म्हणाली, अहो, मोजलं का? मी बायकोला समजावलं की मोजायची वेळच आली नाही, आईला चहा हवाच होता. चहा तसाच गार झाला. नंतर मी प्यायलो.

९ जानेवारी, गुरुवार

आठवीच्या वर्गात संकल्प अमलात आणला. विचारलं, नदी समुद्राला मिळते तिथे गाळ का साचतो? एक. दोन. बाप रे, शांतता म्हणजे काय भयंकर प्रकार असतो! अडतीस तोंडं आपल्याकडे बघताहेत, पंखा कुरकुरतोय, आणि आपल्याला उत्तर येतंय! दोनच्या पुढे राहवेना. सांगून टाकलं. तरी एकावरून दोन म्हणजे तीन दिवसांत दुप्पट प्रगती.

चष्मा आज टाकणार होतो. दुकान बंद असेल असं वाटलं.

११ जानेवारी, शनिवार

ताईचा फोन. आईला तिच्याकडे न्यायचं म्हणते. तिचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण, मेहुणे रिटायर झालेले. आमचं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई इथे आल्यापासून एकदाही खाली उतरलेली नाही, हे ताईनं बोलून दाखवलं. थोरली बहीण म्हणजे जन्माची हेडमास्तर. मी म्हटलं, तू आणि मी ठरवणारे कोण? आईलाच विचारू. ती म्हणाली, विचारच. एक फेब्रुवारीला मी येते, आई सांगेल तसं करू.

मान्य केलं. मला भीती नाही. आई माझ्याकडेच राहणार. मी तिचा मुलगा आहे, वर शिक्षक आहे. तिला पुन्हा बोलतं मीच करणार. या वहीत खोटं कशाला लिहू : झटक्यानंतरचा पहिला शब्द तिनं माझ्याशी बोलावा, एवढंच मला हवंय. रोज शाळेतून येताना जिन्यात तेच मनात असतं.

ही म्हणाली, विचाराल खरं, पण त्यांना बोलू कधी द्याल? उत्तर दिलं नाही. खरं तर दिलं, पण ते लिहिण्यासारखं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस सोनेरी अक्षरांत लिहावा असा. प्रशिक्षणात मिळालेलं ॲप वर्गात वापरलं. प्रत्येक पोराच्या हातात एक जाड कागदाचं चौकोनी कार्ड. मध्ये काळ्या चौकटींची नक्षी आणि चार कडांना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. जे उत्तर वाटेल ती कड वर करून कार्ड धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते क्षणात पडद्यावर. अक्षरं मुद्दाम बारीक, शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून. कोणी तोंड उघडायचं नाही. मुख्य म्हणजे कोणी थांबायचं नाही!

दहा प्रश्न विचारले. दहाही वेळा अडतीसपैकी अडतीस बरोबर. अडतीस! माझा वर्ग असा हुशार आहे हे मला सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वतः येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, चोवीस तारखेला सगळ्या शिक्षकांसमोर प्रात्यक्षिक द्या. मी विनयाने मान खाली घातली. गणिताच्या सरांचा चेहरा पडला होता. नव्याचे नऊ दिवस, असं ते पुटपुटले. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

१५ जानेवारी, बुधवार. दुपारी ४

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईसाठी उपाय माझ्या दप्तरातच होता. तिला बोलता येत नाही, पण डावा हात धड आहे. मग बोलायची गरजच काय?

एक जादा कार्ड घरी आणलं. ॲपमध्ये 'आजी' नावाचा नवा वर्ग काढला, पटावर विद्यार्थी एक. तिच्या उशीमागे आणखी एक उशी दिली, डाव्या हातात कार्ड नीट धरून दिलं, बोटं मिटवली. मग प्रश्न वाचला : आई, आज बरं वाटतंय का? अ : नाही. ब : हो. कॅमेरा धरला. टिंग! ब.

मला रडूच आलं. झटक्यानंतर आईनं मला दिलेलं पहिलं उत्तर. तिला मिठी मारली. कार्ड खाली पडलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जरा विचित्र नजरेनं. तंत्रज्ञानाचं नवल वाटलं असणार.

१६ जानेवारी, गुरुवार

आज घरी आल्यावर ही म्हणाली, आई सकाळी बोलल्या. मी दप्तर हातातच धरून उभा राहिलो. ही वाटाणे सोलत आईच्या पलंगाशी बसली होती म्हणे, काही विचारलंही नव्हतं. मध्येच आई म्हणाली, पाणी. स्पष्ट. हिनं दिलं. आई प्यायली. एवढंच.

मी विचारलं, तेव्हा तू काय करत होतीस? म्हणाली, सांगितलं ना, वाटाणे सोलत होते. मी विचारलं, पण त्याआधी काय बोललीस? म्हणाली, काही नाही.

हा कालच्या कार्डाचा परिणाम आहे हे उघड आहे. बी मी पेरलं, ते उगवायच्या वेळी नेमका मी शाळेत. मला आनंदच झाला. झालाच. आईपाशी बसून मी पंधरा-वीस वेळा म्हटलं, आई, म्हण, पाणी. पा-णी. सोपं आहे. पा. पा. तिनं डोळे मिटून घेतले.

जेवलो नाही. भूक नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी सत्कारणी लावली. आईला नऊ प्रश्न विचारले. उशी ठीक आहे का? खोली आवडते का? मी वाचून दाखवतो ते वर्तमानपत्र आवडतं का? सुनेपेक्षा मुलाच्या हातचा चहा बरा असतो का? (हे गमतीनं.) नऊच्या नऊ ब, म्हणजे हो. एकदाही चुकली नाही. उत्तरांचा रंगीत आलेख ॲप आपोआप काढतं, सगळा हिरवागार.

ही म्हणाली, दर वेळी ब कसं येतं हो? मी म्हटलं, सातत्य आमच्या रक्तातच आहे. मग म्हणाली, चष्म्याशिवाय त्यांना ती बारीक अक्षरं दिसतात तरी का? मी सांगितलं की पर्याय मी मोठ्यांदा वाचतो. बायकांना तंत्रज्ञानाची धास्ती वाटते, त्यातून हे प्रश्न येतात.

चष्मा उद्या नक्की. पिशवी काढून दाराशी ठेवली आहे.

२१ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

एक किरकोळ तांत्रिक बिघाड. प्रश्न होता : मी तुझ्याशी बोलत बसतो ते तुला आवडतं का? घाईत पर्याय उलटे टाइप झाले. अ : हो. ब : नाही. टिंग. ब.

नाही?

मोबाइल बंद करून चालू केला. पर्याय सरळ केले, पुन्हा विचारलं. टिंग. ब : हो. आता कसं!

दोन उत्तरांपैकी दुसरंच बरोबर हे शास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट आहे, कारण पहिल्या वेळी ॲप ताजं नव्हतं. पहिलं उत्तर पुसून टाकलं. पुढे जाऊ.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्रात्यक्षिक झालं.

सतरा शिक्षक मागे खुर्च्या टाकून बसलेले. पोरं कडक इस्त्रीत. आयत्या वेळी मोठ्या बाई म्हणाल्या, प्रश्न आज गणिताचे सर काढतील, म्हणजे निःपक्षपाती होईल. मी म्हटलं, जरूर, हातच्या काकणाला आरसा कशाला! त्यांनी माझ्याच धड्यावरचे पाच प्रश्न काढले. अगदी सोपे. पहिला : पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला किती वेळ लागतो? सगळ्या पोरांनी झटक्यात कार्डं वर केली, एकसाथ, कवायतीसारखी. मी ऐटीत कॅमेरा फिरवला.

अडतीसपैकी दोन बरोबर.

दुसरा प्रश्न, तीन. तिसरा, दोन. माझी पोरं म्हणे एक वर्ष लावतात पृथ्वीला एका फेरीला, आणि तेही हसतमुखानं. मी नेटवर्कबद्दल काहीतरी बोललो. मोठ्या बाईंनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, बाळ, तू ब का धरलंस? आणि त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या. ती मुलगी वर्षभर माझ्या तासाला एक शब्द बोललेली नाही. मी तिला ढ समजत होतो. ती उभी राहिली, कार्ड चुरगाळलं आणि म्हणाली, सरांचं उत्तर नेहमी ब असतं.

गणिताचे सर हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं.

२५ जानेवारी, शनिवार

आतापर्यंतचे माझे सगळे प्रश्न तपासले. शेहेचाळीस प्रश्न, त्यात बरोबर उत्तर ब असलेले चव्वेचाळीस. आता याला काय म्हणणार? योगायोग. अ मध्ये बरोबर उत्तर ठेवलं तर फारच सोपं होतं, ड मध्ये ठेवणं म्हणजे लबाडी. ब हे सभ्य अक्षर आहे. हात आपोआप तिथे जातो. मला हवं असलेलं उत्तर मी तिथे ठेवतो, यात वाईट हेतू नाही.

मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सर, पोरांनी धडा नाही वाचला, तुम्हाला वाचलं. मी खूप काही बोललो. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मी एक वाक्य बोलले होते.

नाचता येईना, अंगण वाकडं, असं मी माझ्याबद्दल मुळीच म्हणणार नाही. वर्ग तर वर्ग. घरी माझं यश शंभर टक्के आहे.

२९ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ५.४५

आज मोठा प्रश्न विचारला. ही भाजी आणायला गेली होती. शांत वेळ निवडली, खिडकी लावली. आईचे केस नीट केले. कार्ड हातात दिलं. प्रश्न : आई, तुला कुठे राहायला आवडेल? अ : ताईकडे. ब : माझ्याकडे.

टिंग.

ब! ब! ब!

मी तिचा हात कपाळाला लावला. म्हटलं, मला माहीतच होतं गं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आनंदाश्रू. घशातून काहीतरी आवाज निघत होता, मी म्हटलं, बोलू नकोस, दमशील, मला उत्तर मिळालं. रुमालानं तिचे डोळे पुसले.

तिच्या सगळ्या उत्तरांचा अहवाल शाळेच्या प्रिंटरवर रंगीत काढणार. ताई बोलून बोलून काय बोलणार? कागद बोलेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

अहवाल तयार. चौदा पानं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. पहिल्या पानावर आलेख.

ही म्हणाली, चष्मा तरी आणायचा होता हो, ताई काय म्हणतील. पिशवी अजून दाराशीच आहे. अहवालाच्या गडबडीत राहिलं.

मघाशी सहज म्हणून कार्ड स्वतःच्या डाव्या हातात धरून बघितलं. एका हातानं ते फिरवायला जमत नाही. उजवा हात लावावाच लागतो, नाहीतर मांडीवर ठेवून फिरवावं लागतं. आणि मी तिला देतो तेव्हा माझा अंगठा ज्या कडेवर असतो, ती कड...

जाऊ दे. उद्या लवकर उठायचं आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

ताई दहाला आली. येताना तिला दम लागला होता, तीन जिने. आईजवळ जाऊन बसली आणि तिचा निकामी हात मांडीवर घेतला. दोघी बराच वेळ तशाच. मला ते बघवेना म्हणून मी अहवाल काढला आणि सगळं समजावून सांगितलं. पद्धत, प्रश्न, टक्केवारी.

ताईनं चौदा पानं उलटली. मग म्हणाली, ते कार्ड दे बघू. मी आईच्या हातात दिलं, नेहमीसारखं. ताई म्हणाली, विचार. मी विचारलं, कॅमेरा धरला, टिंग, ब, माझ्याकडे. मी ताईकडे विजयाने बघितलं. तिनं आईच्या हातातलं कार्ड हळूच काढलं, पाव फिरवलं, परत हातात दिलं. म्हणाली, आता विचार.

टिंग. अ.

मी ॲपबद्दल काहीतरी सुरू केलं. मग थांबलो. काय सांगणार होतो? मला कालच कळलं होतं. कदाचित त्याच्याही आधी. 'नाही' पुसलं त्या दिवशीच.

ताई रागावली असती तर मी भांडलो असतो. ती हळू आवाजात म्हणाली, अरे, कार्डाशिवाय विचार. तूच विचार. पर्याय देऊ नकोस. आणि मग गप्प बस.

मी स्टूल ओढून आईसमोर बसलो. विचारलं, आई, तुला कुठे राहायचंय?

एक. दोन. पलीकडच्या घरात कोणीतरी नळ सोडला. तीन. चार. मी तोंड उघडलं, हिनं मागून माझा खांदा दाबला. पाच. आई माझ्याकडे बघत होती. सहा. सात. तिचे ओठ हलायला लागले, आणि मला दिसलं की ते या आधीही असेच हलायचे, मी बोलत असताना. मी ते पाहिलं होतं. थरथर आहे समजत होतो. आठ. नऊ. दहा. अकरा.

आई म्हणाली, तिकडे.

झटक्यानंतर ती माझ्याशी बोलली तो पहिला शब्द.

मी विचारलं, का? विचारायला नको होतं. पण विचारलं आणि थांबलो. या वेळी मोजलं नाही. खूप वेळ गेला. ती एकेक अक्षर जड ओझ्यासारखं उचलत म्हणाली, तिथं. शांत.

२ फेब्रुवारी, रविवार

काही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

चष्मा नीट करून आणला. दुकानदाराला दहा मिनिटं लागली. दुकान रोज उघडंच असतं म्हणे, दुपारीसुद्धा.

आईला चष्मा लावला. तिनं आधी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावला. म्हणजे तिचा राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. समजूत तरी काढता आली असती. मी तिला नको आहे असं नाही. माझा आवाज नको आहे. हे दोन वेगळे कसे करायचे ते मला माहीत नाही.

वर्गात आज कार्डं काढली नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलीला एक प्रश्न विचारला आणि थांबलो. मनात सात मोजले तेव्हा ती बोलली. उत्तर चूक होतं. मी लगेच बरोबर उत्तर सांगितलं. ती खाली बसली.

८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.३०

ताई आणि मेहुणे गाडी घेऊन आले. आईला खुर्चीत बसवून मी आणि मेहुण्यांनी तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. प्रत्येक जिन्यावर टेकलो. खाली आल्यावर तिच्या तोंडावर ऊन पडलं आणि तिनं डोळे मिटून चेहरा वर केला. अडीच महिने तिला ऊन लागलं नव्हतं. माझ्या घरात.

ठरवलं होतं, आज बोलायचं नाही. जिने उतरेपर्यंत एक शब्द बोललो नाही. हिनंसुद्धा कौतुकानं बघितलं. आईला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, पायावर शाल टाकली. चष्मा सरळ केला. मग वाकून विचारलं, आई, काही राहिलं का? नाही ना? सगळं घेतलंय मी. आणि दार लावलं.

लावल्यावर कळलं.

काचेतून ती माझ्याकडे बघत होती, ओठ हलत होते. मी दार उघडायला हात घातला, तोवर मेहुण्यांनी गाडी सोडली होती. मी गाडीमागे धावलो, कोपऱ्यापर्यंत. पन्नाशीचा माणूस धावतो तसा. गाडी वळेपर्यंत तिचं तोंड हलत होतं. काहीतरी राहिलं होतं. एखादी वस्तू असेल. मला काही सांगायचं असेल. मला माहीत नाही. तिनं उत्तर दिलं आणि मी ऐकायला नव्हतो.

आत्ता फोन केला. पोचले ते सुखरूप. ताईला म्हटलं, आईला दे, एकच गोष्ट विचारायची आहे. तिनं फोन आईच्या उशाशी ठेवला. मी विचारलं, आई, निघताना काय म्हणत होतीस?

आणि थांबलो. दहा झाले. वीस झाले. तिचा श्वास ऐकू येत होता. मी एकदाही तोंड उघडलं नाही. साठपर्यंत मोजलं. हिनं खुणेनं विचारलं, काय झालं? मी बोट ओठावर ठेवलं.

मग ताई फोनवर आली. म्हणाली, अरे, तू अजून आहेस होय? ती मघाशीच झोपली.